आठ हजार वर्षं टिकलेलं बदक

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोसल बायोसायन्सेस या कंपनीने ‘डायर वुल्फ’ हा लांडग्यासारखा नामशेष प्राणी पुन्हा जन्माला घातल्याचं जाहीर केलं आणि त्या पांढऱ्याशुभ्र पिल्लांचे फोटो फोनाफोनांवर फिरले. करड्या लांडग्याच्या जनुकांत २० बदल करून जन्माला घातलेले ते लांडगेच आहेत, असं बऱ्याच शास्त्रज्ञांनी लगोलग सुनावलं. तो वाद इथे बाजूला ठेवू. त्यानिमित्ताने एक जुना प्रश्न मात्र परत वर आला. डायर वुल्फ, मॅमथ, जमिनीवर राहणारे बैलाएवढे स्लॉथ हे उत्तर अमेरिकेतले सगळे प्राणी हिमयुगाच्या अखेरीस गेले कसे? काही जण म्हणतात, माणूस तिथे पोचला आणि त्याने हां हां म्हणता सगळे मारून टाकले. बाकीचे म्हणतात, हवामान बदललं आणि त्यात ते टिकले नाहीत.

या भांडणात एका बदकाची साक्ष आहे. बातम्यांत ते कधी येत नाही, कारण ना त्याला सुळे होते ना सोंड. त्याचं शास्त्रीय नाव केंडायटीस लॉई. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, मुख्यतः कॅलिफोर्नियात राहणारं, हंसाएवढं, उडता न येणारं, समुद्रात बुड्या मारून पोट भरणारं हे बदक सुमारे २,४०० वर्षांपूर्वी संपलं. माणसाने त्याची शिकार केली यात वाद नाही. नवल आहे ते त्या शिकारीच्या लांबीचं. ती किमान ८,००० वर्षं चालली.

## बदकं दोन प्रकारची

हिवाळ्यात उजनीला किंवा जायकवाडीला दुर्बीण घेऊन गेलेल्यांना हे माहीत असेल. हळदीकुंकू बदक किंवा थापट्या पाण्याच्या वरच्या थरात चरतात. फार तर डोकं खाली, शेपूट वर करून उपडे होतात, पण पूर्ण बुडत नाहीत. लालसरी आणि शेंडी बदक यांची तऱ्हा वेगळी. ती बघता बघता पाण्याखाली गडप होतात आणि भलतीकडेच वर येतात. पहिल्यांना आपण चरणारी बदकं म्हणू आणि दुसऱ्यांना पाणबुडी बदकं.

पाणबुड्या बदकांचं शरीर त्या कामासाठी घडलेलं असतं. पाय मागे सरकलेले असतात, म्हणून पाण्याखाली जोर मिळतो आणि जमिनीवर चाल फेंगडी होते. शरीराच्या मानाने पंख लहान असतात. त्यामुळे त्यांतल्या बहुतेकांना थेट आकाशात झेप घेता येत नाही. पाण्यावरून थोडं धावून मग ती उडतात. केंडायटीस पाणबुडं होतं, आणि पंख आखूड होण्याचा हा प्रवास त्याने पार शेवटापर्यंत केला होता.

## हाडांवरून उभा केलेला पक्षी

केंडायटीस जिवंत पाहून त्याचं वर्णन लिहून ठेवलेलं कुणी नाही. पिसांचा रंग, आवाज, पिल्लांना घेऊन पोहणं, यातलं काहीच आपल्या हाती नाही. जे आहे ते हाडांमधून आलेलं. कॅलिफोर्नियाचे जीवाश्मतज्ज्ञ लोय मिलर यांनी १९२५ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. पुढे हिल्डेगार्ड हॉवर्ड यांनी याच कुळातली आणखी एक, जास्त जुनी जात ओळखली आणि तिला मिलर यांचं नाव दिलं.

या पक्ष्याची हाडं शेजारी शेजारी मांडली की विसंगती लगेच डोळ्यांत भरते. मांडीची आणि पायाची हाडं हंसाची वाटावीत इतकी दणकट. पंखाची हाडं मात्र एखाद्या कितीतरी छोट्या बदकाची चुकून या ढिगात पडली असावीत, अशी. उडणाऱ्या पक्ष्यांच्या छातीच्या हाडाला मधोमध एक उंच कणा असतो. पंख हलवणारे स्नायू त्याला धरलेले असतात. केंडायटीसमध्ये तो कणा खुरटलेला होता. स्नायूच नको असतील तर त्यांना धरायला कणा कशाला? पाण्याखाली हा पक्षी पंख न मारता पायांनी वल्हवत असणार. कवटी आणि चोच भक्कम होती. त्यावरून खडकांना चिकटलेले शिंपले आणि तसलेच कवचधारी जीव उपटून खाणं हा त्याचा उद्योग असावा असं मानतात.

## पंख असताना उडणं का सोडलं?

उडणं पक्ष्याला फार महाग पडतं. छातीचे मोठे स्नायू वाढवायचे, वर्षभर पोसायचे, दरवर्षी नवी पिसं आणायची. मुळात बदकं ही पिसं एकदमच टाकतात आणि त्यानंतर काही आठवडे कुठल्याही बदकाला उडता येत नाही. एवढा खर्च परवडतो, कारण उडण्याचे दोन मोठे फायदे असतात: शत्रूपासून पळता येतं आणि अन्न संपलं की दुसरीकडे जाता येतं.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हे दोन्ही फायदे फारसे उरले नव्हते. तिथला समुद्र थंड असतो, खालचं पोषक पाणी वर येत राहतं आणि खडकांवर बाराही महिने खाणं असतं. स्थलांतराची गरज नाही. अंडी घालायला किनाऱ्यापासून तुटलेली बेटं आणि खडक होते, जिथे कोल्हा-लांडगा पोचत नव्हता. अशा ठिकाणी ज्या पिलाचे पंख जरा आखूड, त्याचा खर्च कमी आणि बुडी सोपी. अशा हजारो पिढ्या गेल्या की पंख नावापुरते उरतात. गालापागोस बेटांवरच्या एका पाणकावळ्याचं हेच झालं, न्यूझीलंडच्या दक्षिणेकडच्या बेटांवरच्या छोट्या बदकांचंही हेच.

ही व्यवस्था छान चालते, बेटावर होडी येईपर्यंत.

## उकिरड्यात सापडलेला पुरावा

कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा शहरासमोरच्या समुद्रात चॅनल बेटं आहेत. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून जास्त खाली होती, तेव्हा यातली उत्तरेकडची चार बेटं मिळून एकच मोठं बेट होतं. ते मुख्य भूमीला मात्र कधीच जोडलेलं नव्हतं. तरीही त्यांतल्या सांता रोझा बेटावर १९५९ मध्ये सापडलेली माणसाची हाडं सुमारे १३,००० वर्षांपूर्वीची निघाली. म्हणजे तिथवर माणसं पाण्यावरूनच पोचली होती.

किनाऱ्यावर राहणारी माणसं शिंपले खातात आणि कवचं दाराशी टाकतात. हजारो वर्षं हेच चाललं की त्याचे टेकाडासारखे ढीग होतात. पुरातत्त्वज्ञांना हे उकिरडे फार प्रिय, कारण कवचांतल्या चुन्यामुळे हाडं चांगली टिकतात आणि कोण काय खात होतं याचा हिशेब थरांच्या क्रमाने मिळतो. माती चाळणीतून चाळायची, बोटाच्या पेराएवढे तुकडेसुद्धा वेचायचे आणि संग्रहालयातल्या ओळखीच्या सांगाड्यांशी एकेक तुकडा ताडून पाहायचा. कंटाळवाणं काम आहे, पण या लेखातली बहुतेक माहिती त्यातूनच आलेली आहे.

सॅन लुईस ओबिस्पो परगण्यात डियाब्लो कॅन्यन नावाची जागा आहे. आज तिथे अणुवीज प्रकल्प आहे. प्रकल्प उभा राहण्याआधी १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथे उत्खनन झालं, आणि माणसांनी हजारो वर्षं वस्ती केलेला एक जाडजूड उकिरडा मिळाला. त्याच्या खालच्या, जुन्या थरांत या न उडणाऱ्या बदकाची हाडं आहेत. वर येत जावं तशी ती दिसेनाशी होतात.

पुरातत्त्वज्ञ टेरी जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अशा सगळ्या जागांची एकत्र मांडणी केली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या १४ पुरातत्त्वीय स्थळांवर या बदकाची हाडं मिळालेली होती. त्यातल्या काही हाडांचं वय त्यांनी थेट मोजून घेतलं, आणि खरी बातमी तिथे होती.

## हाडाचं वय कसं कळतं?

हवेतल्या कार्बनमध्ये किरणोत्सारी कार्बनचा अगदी बारीक अंश असतो, त्याला कार्बन-१४ म्हणतात. जिवंत असेपर्यंत प्राण्याच्या शरीरात तो अन्नातून येत राहतो. प्राणी मेला की आवक बंद होते आणि असलेला साठा ठरलेल्या गतीने घटतो: ५,७३० वर्षांत निम्मा, पुढच्या तितक्याच वर्षांत त्याच्या निम्मा. हाडातल्या प्रथिनात किती उरलाय हे मोजलं की वय काढता येतं.

समुद्री पक्ष्याच्या बाबतीत एक मेख आहे. खोल समुद्रातलं पाणी शेकडो वर्षं हवेच्या संपर्कात आलेलं नसतं, त्यामुळे त्यातला कार्बन आधीच ‘जुना’ असतो. असं पाणी जिथे वर येतं तिथले शिंपले खाणाऱ्या पक्ष्याचं हाड खऱ्या वयापेक्षा काही शतकांनी म्हातारं दिसतं. ती दुरुस्ती करावी लागते, आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ती चांगलीच मोठी असते. म्हणूनच या तारखा एका वर्षाच्या नसून कालखंडाच्या असतात.

दुरुस्ती करून आलेले आकडे असे. बेटांवरचं सर्वांत जुनं हाड आजपासून साधारण ११,१५० ते १०,२८० वर्षांपूर्वीचं. मुख्य भूमीवर किमान ८,५०० वर्षांपूर्वी शिकार सुरू झालेली. आणि सर्वांत अलीकडचं हाड, जे व्हेंचुरा परगण्यात मिळालं, ते इसवी सनपूर्व ७७० ते ४०० या काळातलं. म्हणजे आपल्याकडे गंगेच्या खोऱ्यात महाजनपदं उभी राहत होती, तेव्हा कॅलिफोर्नियात कुणीतरी यातलं एक बदक मारून खात होतं.

## यात मॅमथचा काय संबंध?

अमेरिकन शास्त्रज्ञ पॉल मार्टिन यांनी १९६० च्या दशकापासून एक सिद्धांत मांडला आणि १९७३ मध्ये त्याला धारदार रूप दिलं. माणूस कधीही न पाहिलेले मोठे प्राणी, आणि अचानक आलेले तरबेज शिकारी. शिकाऱ्यांची लाट उत्तरेकडून दक्षिणेकडे गेली आणि साधारण हजार वर्षांत दोन्ही अमेरिका खंडांतले मोठे प्राणी संपले. या मांडणीला ‘विजेचा हल्ला’ अशा अर्थाचा जर्मन युद्धशब्द चिकटला, ब्लिट्झक्रीग.

यावर पहिली शंका कुणालाही येईल. इतकी कत्तल झाली तर मारलेल्या जनावरांचे सांगाडे कुठे आहेत? डोनाल्ड ग्रेसन आणि डेव्हिड मेल्ट्झर यांनी २००२ मध्ये अशी ७६ ठिकाणं तपासली, जिथे हिमयुगातल्या मोठ्या प्राण्यांची शिकार झाल्याचं म्हटलं जात होतं. कसोटीला उतरली १४, आणि तीही फक्त मॅमथ आणि मॅस्टोडॉन या दोन हत्तीसदृश प्राण्यांची. उत्तर अमेरिकेतून मोठ्या सस्तन प्राण्यांची तीसहून अधिक कुळं गेली, त्यातल्या दोनांचा पुरावा.

मार्टिन यांचं उत्तर चतुर होतं. सगळं इतक्या झटपट झालं, की पुरावा मागे राहायला वेळच मिळाला नाही. आता या उत्तराची गंमत अशी की ते खोडून काढता येत नाही. पुरावा मिळाला तरी सिद्धांत खरा, नाही मिळाला तरी खरा. मला स्वतःला अशा उत्तरांवर भरवसा ठेवणं जड जातं.

केंडायटीसचं महत्त्व इथे आहे. हा असा प्राणी आहे, ज्याला माणसाने संपवलं याबद्दल फारशी शंका नाही. तो उडू शकत नव्हता, जमिनीवर अडखळत होता, अंडी घालायला ठरलेल्या जागी येत होता. ‘विजेचा हल्ला’ कुणावर व्हायचाच तर याच्यावर व्हायला हवा होता. तरी तो हजारो वर्षं टिकला आणि त्या काळाचा भरघोस पुरावा उकिरड्यांत मागे राहिला. जोन्स यांच्या निबंधाचं म्हणणं एवढंच आहे: इतकं सोपं सावज संपायला ८,००० वर्षं लागत असतील, तर मॅमथ हजार वर्षांत संपले हे गृहीत धरू नका, सिद्ध करा.

यावरून कुणी ‘मॅमथ माणसाने मारलेच नाहीत’ असं म्हणायला लागलं, तर तीही घाईच. बदक म्हणजे मॅमथ नव्हे. समुद्रातल्या खडकांवर लपणाऱ्या पक्ष्यापर्यंत पोचायला होडी लागते. माळावरच्या मॅमथला कुठे लपायची सोय नव्हती. शिवाय हत्तीच्या जातीला एक पिल्लू व्हायला जवळजवळ दोन वर्षं लागतात, बदक दरवर्षी अंडी घालतं.

वेगवान संहार होतच नाही असंही नाही. न्यूझीलंडमध्ये माणूस तेराव्या शतकाच्या शेवटी पोचला आणि मोआ हे न उडणारे महाकाय पक्षी दोनशे वर्षांच्या आत संपले. बेरिंग समुद्रातली स्टेलरची समुद्रगाय १७४१ मध्ये युरोपीय खलाशांना दिसली आणि १७६८ मध्ये शेवटची मारली गेली. सत्तावीस वर्षं. माणूस दोन्ही वेगांनी संपवू शकतो, आणि कुठला वेग कुठे लागू होतो हे प्रत्येक वेळी हाडांनाच विचारावं लागतं.

## ‘पण मूठभर माणसं आणि भाल्यांनी आख्खी जात कशी संपेल?’

विहीर घ्या. झऱ्यांतून रोज येतं त्यापेक्षा एकच बादली जास्त उपसली तर पहिली कित्येक वर्षं कुणाच्या लक्षातही येणार नाही. पाणी खाली जातं, पण ते बोटा-बोटाने जातं आणि प्रत्येक पिढी आपल्या लहानपणची पातळी हीच मूळ पातळी समजते. मग एका उन्हाळ्यात तळ दिसतो.

केवळ हिशेबासाठी समजा, किनाऱ्यावर ४०,००० बदकं आहेत आणि जन्मणाऱ्यांपेक्षा मरणारी दरवर्षी फक्त ५ जास्त. पाचच. हा फरक ८,००० वर्षांत आकडा शून्यावर आणतो. कुठल्याही एका वर्षी, कुठल्याही एका शिकाऱ्याने काही भयंकर केलेलं नसतं.

प्रत्यक्षात हे इतकं सरळ रेषेत झालं नसणार. झरे म्हणजे इथे अंडी घालायच्या जागा. सॅन मिगेल बेटावरच्या पुराव्यांवरून तिथे या बदकाची वीण होत असावी असं दिसतं. माणसांची संख्या कमी होती आणि होड्या साध्या होत्या तोवर लांबचे, लाटांनी झोडपलेले खडक सुरक्षित राहिले असतील. तिथे वाढलेली पिल्लं किनाऱ्यावरची तूट भरून काढत असतील. माणसं वाढली, त्यांच्याबरोबर बेटांवर कुत्रे आले, होड्या लांब जाऊ लागल्या, तसे हे झरे एकेक करून आटले. अंडी उचलणं तर मोठं बदक मारण्यापेक्षा कितीतरी सोपं. घरट्यावर बसलेल्या न उडणाऱ्या मादीला पळायलाही जागा नसते.

## ‘हवामान बदललं म्हणून गेलं असेल’

ही शंका रास्त आहे. पण तारखा तिच्या बाजूने नाहीत. हिमयुग संपतानाची उलथापालथ, समुद्र शंभर मीटरहून जास्त वर येणं, मोठ्या बेटाचे तुकडे होणं, हे सगळं या बदकाने पचवलं. मॅमथ गेले त्यानंतरही ते हजारो वर्षं होतं. ज्या काळात ते संपलं त्या काळात हवामानाने त्याआधीपेक्षा वेगळं, जास्त भयंकर असं काही केल्याचं दिसत नाही.

अर्थात वाढत्या समुद्राने काही बेटं आणि खडक गिळले, वीण करायच्या जागा कमी झाल्या, आणि उरलेल्या जागी माणसाला पोचणं सोपं झालं, हे शक्य आहे. हवामान आणि शिकार यात एकच गुन्हेगार निवडायचा हट्ट आपण बातम्यांत करतो. केंडायटीसच्या बाबतीत पारडं शिकारीकडे झुकतं, एवढं म्हणता येतं.

## ‘हाड मिळालं नाही म्हणजे पक्षी नव्हता?’

नाही, आणि इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. आपल्याला मिळालेलं शेवटचं हाड हे जगातल्या शेवटच्या बदकाचं असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. त्यानंतरही काही पिढ्या कुठेतरी जगल्याच असतील. म्हणून ‘सुमारे २,४०० वर्षांपूर्वी’ असंच म्हणतात.

दुसरी गोष्ट, न दिसणं आणि नसणं यातली. मादागास्करमधलं एक पाणबुडं बदक १९९१ नंतर कुणाला दिसलं नव्हतं, संपलं असंच बहुतेकांनी धरलं होतं. २००६ मध्ये ते एका दुर्गम तळ्यावर पुन्हा सापडलं. आपल्याकडचं गुलाबी डोक्याचं बदक हे याहून चुटपुट लावणारं उदाहरण. भारतातली त्याची शेवटची सर्वमान्य नोंद १९३५ ची, बिहारमधल्या दरभंग्याची. तरी आंतरराष्ट्रीय यादीत ते अजून ‘नामशेष’ नाही, ‘अतिसंकटग्रस्त’ आहे, कारण म्यानमारच्या दलदलींत कुठेतरी चार-दोन उरली असतील अशी आशा कुणाला सोडवत नाही.

केंडायटीसला ही सवलत का नाही? कारण त्या किनाऱ्यावर गेल्या दोन-अडीच हजार वर्षांतली शेकडो स्थळं खणून झाली आहेत. त्यांत पक्ष्यांची हाडं मिळतात, पण या बदकाचं एकही नाही. लोक समुद्रावरच जगत होते, शिकार करत होते, आणि हंसाएवढं सोपं सावज समोर असतं तर त्यांनी ते सोडलं नसतं. पुढे युरोपीय आले, नकाशे झाले, समुद्री पाणमांजरांच्या कातड्यांसाठी किनाऱ्याचा खडक न् खडक पालथा घातला गेला. असं बदक कुणीही नोंदवलं नाही.

## ‘म्हणजे दोष तिथल्या मूळ रहिवाशांचा?’

हा प्रश्न अमेरिकेत तापतो. मूळ रहिवासी निसर्गाशी एकरूप होऊन राहत, हे एक गोड चित्र. त्यांनीही संपवलंच की, हे त्याला दिलेलं तिरकस उत्तर. केंडायटीस या दोन्ही चित्रांत बसत नाही.

तुलनेसाठी त्याच खंडाच्या पूर्व किनाऱ्यावरचं लॅब्राडोर बदक घ्या. तेही समुद्रात बुड्या मारणारं, पण उडणारं. त्याला शास्त्रीय नाव १७८९ मध्ये मिळालं आणि शेवटचा पक्का नमुना १८७५ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडला मारला गेला. शंभर वर्षंही लागली नाहीत. त्याचं मांस बेचव, बाजारात टांगलेलं तसंच कुजायचं, तरी मारत राहिले. आज जगभरात मिळून त्याचे ५५ पेंढा भरलेले नमुने उरलेत. बंदुका, बाजार आणि किनाऱ्यावरची वाढती वस्ती एकत्र आली की काय गतीने हिशेब संपतो ते इथे दिसतं.

दुसरीकडे, ज्यांनी ८,००० वर्षं हे बदक खाल्लं त्यांच्यापैकी कुणालाही ते संपत चाललंय हे कळण्याची सोय नव्हती. कळलं असतं तर थांबले असते का, हे सांगता येत नाही. आजचे मच्छीमार तरी आकडे समोर असताना कुठे थांबतात!

## डीएनएने उलटवलेली वंशावळ

जवळपास एक शतक सगळ्यांनी केंडायटीसला समुद्री बदकांच्या घराण्यात बसवलं होतं, म्हणजे उत्तरेकडच्या थंड समुद्रांतल्या आयडर आणि स्कोटर या बदकांच्या जोडीला. ते साहजिकच होतं. समुद्रात राहायचं, बुड्या मारायचं, हाडांची ठेवणही तशीच.

२०१८ मध्ये जॅनेट बकनर आणि सहकाऱ्यांनी जुन्या हाडांतून त्याचा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए वाचला. मायटोकॉन्ड्रिया हे पेशीतले ऊर्जा पुरवणारे घटक. त्यांच्याकडे स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि प्रत्येक पेशीत त्याच्या ढीगभर प्रती असतात, त्यामुळे हजारो वर्षं जुन्या हाडातही तो सापडण्याची शक्यता जास्त. निघालं असं, की केंडायटीस समुद्री बदकांचं जवळचं नातलग नव्हतंच. त्याची फांदी चरणाऱ्या बदकांच्या बाजूला, त्या घराण्याच्या अगदी बुंध्याशी फुटते. म्हणजे वर ज्या हळदीकुंकू बदकाचं नाव घेतलं, ते त्याला आयडरपेक्षा नात्याने जवळचं. पाण्याखाली बुडी मारून शिंपले खायचं कसब त्याने समुद्री बदकांपासून स्वतंत्रपणे, नव्याने कमावलं होतं. (त्याच अभ्यासात लॅब्राडोर बदकाचाही निकाल लागला: ते समुद्री बदकच, आणि स्टेलरच्या आयडरचं भाऊबंद.)

याचा एक अर्थ फारसा बोलला जात नाही. आयडरच्या वीसेक भावंडांतलं एक गेलं असतं तरी वाईटच. इथे मात्र एक अख्खी जुनी फांदी गेली, जिच्यावर दुसरं कुणीच उरलेलं नाही.

## मग याला परत आणता येईल का?

वाचलेला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए साधारण साडेसोळा हजार अक्षरांचा. बदकाची संपूर्ण जनुकीय संहिता शंभर कोटी अक्षरांहून मोठी. शिवाय ज्याच्या जनुकांत बदल करून सुरुवात करायची तो जवळचा नातलगच नाही. आजच्या कुठल्याही चरणाऱ्या बदकापासून केंडायटीसची फांदी फार पूर्वी वेगळी झालेली. डायर वुल्फच्या वेळी निदान करडा लांडगा होता. आणि पक्ष्यांमध्ये मेंढीसारखं क्लोनिंग चालत नाही, कारण पिवळ्या बलकाने भरलेल्या अंड्यातलं केंद्रक बदलणं जवळपास अशक्य असतं. त्यासाठी वेगळ्या, लांबच्या वाटा शोधाव्या लागतात. त्यामुळे उद्या कुणी केंडायटीसच्या पिलाचा फोटो पाठवला तर तो पुढे ढकलू नका.

तशा धाटणीचं काही जिवंत बघायचं असेल तर दक्षिण अमेरिकेच्या टोकाला आणि फॉकलंड बेटांवर स्टीमर बदकं आहेत. चार जातींपैकी तीन उडू शकत नाहीत. समुद्रकाठी राहतात, बुड्या मारून शिंपले खातात, आणि घाबरली की दोन्ही आखूड पंख वल्ह्यांसारखे आपटत, फवारे उडवत पाण्यावरून पळतात. जुन्या चाकाच्या आगबोटीवरून त्यांचं नाव पडलं. स्वभावाने महाभांडखोर. त्यांचंही केंडायटीसशी नातं दूरचंच, पण उडणं सोडलेलं समुद्री जगणं कसं दिसत असेल याचा अंदाज हाडांच्या चित्रांपेक्षा त्यांच्याकडे पाहून जास्त चांगला येतो.